बदामचा एक्का आणि राघोचा बैल

मित्रांनो, मी बदामचा एक्का. माझं बदाम अर्धंच उरलंय, दिसतंय ना? बाकीचं कुठे गेलं ते सांगायची मला लाज वाटते. पण सांगतोच.

विलायतेत कागदावर कागद चिकटवून मला घडवलं. ठाणे स्टेशनातल्या एका साहेबाच्या टेबलावर मी काही वर्षं काय डौलात मिरवलो म्हणून सांगू! कडा झिजल्या तसा साहेबाने आमचा अख्खा जोड पंढरी नावाच्या गड्याला देऊन टाकला. त्याने आम्हाला आपल्या गावी, कोलशेतला आणलं.

पावसाळ्यात मिठागरं बंद, माणसं रिकामी. पंढरीने सगळ्यांना एकवीसचा डाव शिकवला. प्रत्येकाला दोन पानं, हवं तर आणखी मागायचं. चित्रांचे दहा धरायचे. एकवीसच्या जो जवळ, तो जिंकला. एकवीसच्या वर गेला, तो मेला. मी मात्र सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. त्यामुळे माझा भाव भलताच वाढला आणि मीही शेफारलो.

ते खेळायचे मिठाच्या पोत्यांवर. पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी खेळाच्या नादात कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी भिजलो आणि मागच्या पंजीला घट्ट चिकटलो.

एके दिवशी राघो ईर्ष्येला पेटला आणि त्याने आपला बैल डावावर लावला. समोर होता त्याचा शेजारी धाकू. राघोचे वीस झाले. धाकूच्या हातात राजा आणि मी. त्याच्या अंगठ्याला मी जाड लागलो. माझ्यामागे पंजी आहे, म्हणजे मला एकच धरावं लागणार आणि आपले खरे सोळाच, हे त्याने ओळखलं. तरी त्याने मला राजाशेजारी ठेवलं.

"एकवीस," तो म्हणाला.

राघोने बैल सोडून धाकूच्या हाती दिला. धाकूने मला आणि पंजीला हळूच कमरेला खोचलं आणि घरी नेऊन छपराच्या पेंढ्यात दडवलं. तिथे मी मान खाली घालून पडून राहिलो.

पावसाळा सरला, आगर सुरू झालं. बैलाविना राघो आणि त्याची बायको सगुणा स्वतःच मिठाची गाडी ओढू लागली. पहिलं मीठ शेजाऱ्याला द्यायची रीत होती. सगुणा टोपलीभर मीठ घेऊन धाकूच्या दारात आली. धाकूची बायको सखुबाई तिच्या खांद्यावरचे दोराचे वळ बघत राहिली. ते बघून धाकूने भरलं ताट बाजूला सारलं.

तो उठला. त्याने पेंढ्यातून आम्हाला काढलं, बैल सोडला आणि तो थेट राघोच्या अंगणात गेला. आम्हाला त्याच्या हातावर ठेवून म्हणाला, "तुजा बैल तुजाच हाये. ही दोन पानं हायेत. मना तवाच कललं व्हतं."

राघोने आम्हाला ओढून सोडवलं. मी फाटलो आणि माझं अर्धं बदाम पंजीच्या तोंडावर चिकटून राहिलं. मग त्याने धाकूकडे मान वळवली.

"मंग तवा का नाय बोल्लास?"

राघोने बैल बांधला, पण धाकूला बस म्हटलं नाही. धाकूने मला घरी आणून चुलीवरच्या भिंतीला लावलं, रोज जेवताना दिसेन असं.

मित्रांनो, पत्ते ओल्या जागी ठेवू नका, एवढं ऐका. आणि हातातलं पान कधी जाड लागलंच, तर तिथल्या तिथे बोला. बैल परत देता येतो. राघो अजून धाकूच्या ओट्यावर बसायला येत नाही.