मान्य म्हणणारी माणसं

एल्फास म्चुनू माझ्या दारात आला, तेव्हा त्याच्या मुलाला जाऊन तीन आठवडे झाले होते. लांगा चोवीस वर्षांचा होता. गोठ्यात गुरं कोंडताना त्याच्यावर वीज पडली, असं घरच्यांनी सांगितलं होतं. शनिवारी सगळे सांगोमाकडे, म्हणजे आमच्याकडच्या देवऋषिणीकडे, जाणार होते आणि एल्फासला मी सोबत हवी होते. बाई असल्या म्हणजे नंतर कोणी खोटं म्हणणार नाही, असं त्याचं म्हणणं.

एल्फासला मी तिसरीत शिकवलं होतं. त्याच्याबरोबर जाणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी शिकवलं होतं. चौतीस वर्षं दर वर्गाला मी हेच सांगत आले की सांगोमा म्हणजे धूप जाळून शत्रूचं नाव सांगणारी बाई, तिच्या नादाला लागू नका. पुस्तकात तसंच होतं. मी स्वतः एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. मुलांनी त्यातलं अर्धंच लक्षात ठेवलं. नादाला लागू नका हे विसरली, नाव सांगते हे पक्कं झालं.

कोणाचं नाव हवं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. ओढ्यापलीकडे माचेले राहते. सत्तरी ओलांडलेली, एकटी, कोंबड्या पाळून अंडी विकते. एका डोळ्यात फूल पडलंय. पावसाळ्याच्या तोंडाशी एल्फासच्या शेळ्या तिच्या मक्यात शिरल्या, तेव्हा तिने हात वर करून म्हटलं होतं की वरचा बघून घेईल. तेव्हा सगळे हसले होते. वीज पडल्यावर प्रत्येकाला ते वाक्य आठवलं, आणि तिची अंडी घेणं बंद झालं.

शनिवारी पिकअपमध्ये मी मागे बसले. वळणावर एक निळा कॅन घरंगळत माझ्या पायाशी आला. झाकणाला फडकं गुंडाळलेलं, वास पेट्रोलचा. मी विचारलं, हे कशाला? एक जण म्हणाला, जनरेटरसाठी. एल्फासकडे जनरेटर नाही. माचेलेचं छप्पर गवताचं आहे. मला सगळं कळलं, आणि तरी मी गाडी थांबवा म्हटलं नाही. म्हटलं, आधी पोरगी काय सांगते ते तरी ऐकू.

पोरगी म्हणजे बोनिसिले. सत्तावीस वर्षांची, तीही माझीच विद्यार्थिनी. पण सांगोमा झाली की तिच्या तोंडून पूर्वज बोलतात, म्हणून लहानथोर सगळे तिला आजी म्हणतात. तिने आम्हाला चटयांवर बसवलं. तिच्या केसांत बकरीच्या पित्ताची फुगवून वाळवलेली पिशवी बांधली होती. पूर्वी असली पिशवी दिसली की मी तोंड फिरवायचे. त्या दिवशी तोंड फिरवावंसं वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

तिची रीत साधी असते. ती एकेक गोष्ट बोलते आणि आलेल्यांनी टाळी वाजवून 'मान्य' म्हणायचं. बरोबर असेल तर जोरात, नसेल तर हळू.

मरणाच्या घरून आलात, ती म्हणाली. मान्य. मरण वरून आलं. मान्य. जाणारा तरुण होता. मान्य. गोठ्यात होता. मान्य. इथे ती किंचित थांबली, तिची नजर बायकांच्या बाजूला गेली, मग पुढे निघाली. तुमच्या मनात कोणीतरी आहे. मान्य, आणि टाळ्या वाढल्या. बाई आहे. आवाज छपराला लागला. म्हातारी आहे.

तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं. माझ्या शेजारचा माणूस वाटेत घेतलेलं मांस चघळत होता, त्याच्या ओठांवर चरबी चकाकत होती, आणि तो तोंडातला घास दिसेल इतका आ करून मान्य म्हणत होता. मागचे दोघे एकमेकांना कोपरं मारत होते. लग्नाच्या पंगतीत बसावं तशी माणसं खुश होती. मला शिसारी आली. मग खाली पाहिलं तर माझेही हात जुळलेले होते. म्हातारी आहे, याला मीही टाळी दिली होती.

एल्फास पुढे सरकला.

"आजी, आता नाव सांगा. एवढ्या लांबून काय धूप हुंगायला आलोय?"

"नाव तू घरूनच घेऊन आलायस, बाळा," ती म्हणाली. "माझ्याकडून न्यायला आलायस ते फक्त माझं 'मान्य'."

छप्पन्न वर्षांच्या माणसाला तिने बाळा म्हटलं, पण कोणी हसलं नाही. तिने पुन्हा सुरुवात केली, हळू आवाजात. पोरगा गोठ्यात नव्हता, ती म्हणाली.

कोणी टाळी वाजवली नाही.

मी आयुष्यभर वर्गाकडून पाढे म्हणून घेतले आहेत. सगळे एका सुरात ओरडत असले तरी कोणाचे नुसतेच ओठ हलतायत हे शिकवणाऱ्याला कळतं. बोनिसिले तेच करत होती. गोठ्यात, म्हटल्यावर कोण गप्प राहिलं, ते तिने तेव्हाच टिपून ठेवलं होतं.

"तो उंचावर होता," ती म्हणाली.

बायकांच्या बाजूने एकच टाळी आली. लांगाची आई, माझुंगू. "मान्य."

"पायाखाली पत्रा होता. ओला."

"मान्य."

"त्याला कोणीतरी वर चढवलं."

माझुंगू टाळी वाजवायची थांबली आणि बोलायला लागली. त्या दिवशी सामना होता. घरात पंधरा माणसं जमली होती, टीव्हीवर चित्र येईना. गडगडायला लागलं होतं. एल्फासने लांगाला डिश फिरवायला वर पाठवलं, आणि हेच सगळे आतून ओरडत होते, थोडी डावीकडे, अजून थोडी डावीकडे. वीज पडल्यावर त्याला उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं होतं.

मांस चघळणारा जमिनीकडे बघत होता. पण घास त्याने गिळला.

बोनिसिलेने एल्फासला सांगितलं की मेलेल्याचा आत्मा घरी आणताना धरतात ती काटेरी बोरीची फांदी घेऊन त्या छपराखाली उभा राहा, पोराला स्वतःच्या तोंडाने हाक मार, कशासाठी वर चढवलं ते त्याला सांग, आणि मग त्याला घरात आण. तोवर तो तिथेच वर बसलेला आहे. एल्फास उठला नाही. चटईच्या काड्या उपटत राहिला.

बाकीचे बाहेर पडले. अंगणातच एक जण म्हणाला की हीसुद्धा चेटकीणच, म्हातारीला सामील असणार. दुसरा म्हणाला, शहराजवळ एक आहे, तो खांबाखांबावर आपल्या जाहिराती चिकटवतो, तो नाव हमखास सांगतो. हे बोलणारे दोघेही माझ्या हाताखालून सातवी पास झालेले. मी त्यांना म्हटलं, पत्र्यावरच्या पोराला डावीकडे कोण म्हणत होतं, ते आधी सांगा. ते म्हणाले, बाई, तुम्ही यात पडू नका.

परतीच्या वाटेवर माझुंगूने तो कॅन दोन्ही पायांमध्ये घट्ट धरून ठेवला होता. पूल ओलांडल्यावर पुरुष रविवारच्या सामन्याबद्दल बोलू लागले.

उतरल्यावर मी घरी न जाता ओढ्यापलीकडे गेले. माचेले दारात बसली होती. शेजारी गाठोडं, तीन कोंबड्या पाय बांधून टोपलीत.

"कोणाचं नाव निघालं?" तिने विचारलं.

मी सांगितलं, कोणाचंच नाही. मग छपराचं, डिशचं, सगळं सांगितलं. आता घाबरायचं कारण नाही, असंही म्हटलं. तिने चांगला डोळा माझ्यावर रोखला.

"बाई, तुम्ही कुठवर मान्य म्हणालात?"

खोटं बोलता आलं असतं.

"म्हातारी आहे, इथपर्यंत," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मला बसा म्हणाली नाही. गाठोडं डोक्यावर घेतलं, टोपली काखेत, आणि मुलीच्या गावची गाडी मिळते त्या फाट्याकडे चालायला लागली. मी टोपली घ्यायला हात पुढे केला, तो तिने कोपराने बाजूला सारला.