बाप घरी आणण्याचं काम

"चित्रकार हा देवाच्या बरोबरीचा असतो. तो रेघ ओढतो आणि माणूस जन्माला येतो," एव्हारिश्तुनं जाहीर केलं आणि दाढीच्या ब्लेडनं एका काउबॉयच्या हातातलं पिस्तूल खरवडून काढलं. काउबॉय आता नुसतं बोट रोखून उभा होता आणि समोरचा दरोडेखोर त्या बोटाला भिऊन दोन्ही हात वर करून.

लिस्बनच्या त्या मुलांच्या साप्ताहिकात एव्हारिश्तुची हयात याच कामात गेली. चित्रकथा परदेशातून यायच्या, आणि पोरांच्या नजरेला हत्यार पडू नये असा सरकारचा दंडक. तो पिस्तुलं पुसायचा, फावल्या वेळात बायकांचे झगे लांब करायचा. एवढ्या लोकांना निःशस्त्र करूनही सैन्यानं त्याला कधी पदक दिलं नाही.

आणि अखेर, पन्नाशी उलटल्यावर, त्याला स्वतःच्या कथेसाठी पानं मिळाली. खाली सहीसकट. त्यानं वडील काढले. कॉड मासे धरायला न्यूफाउंडलंडला गेलेले, एकट्याच्या होडीत धुक्यात हरवलेले. प्रेत मिळालं नाही, म्हणून गावात थडगं नाही. ते थडगं त्याला शेवटच्या चौकटीत बांधायचं होतं: रिकामी होडी, बस्स. आईला अक्षर येत नव्हतं, चित्र वाचता येत होतं. खबरदारी म्हणून त्यानं मासे चिरायची सुरीसुद्धा काढली नव्हती.

पानं सेन्सॉरकडून परत आली. होडीवर निळ्या पेन्सिलीची फुली होती.

"यात हत्यार कुठंय, सेन्योर बेल्मिरु?" त्यानं संपादकांना विचारलं.

"हत्यार नाही रे, मेलेला माणूस आहे. कॉडचा ताफा म्हणजे देशाची शान. त्यातला माणूस बुडत नाही म्हणे."

"माझा बाप बुडालाय."

"तुझा बुडू दे की. छापील बुडता कामा नये. घरी आण त्याला, कोबीचं सूप पाज. नाहीतर पान बिस्किटवाल्याच्या जाहिरातीला देतो."

"मग माझी सही तरी काढा."

"तूच काढ. ब्लेड तुझ्याकडेच आहे."

एव्हारिश्तुनं सही काढली नाही; तेवढीच एक गोष्ट त्याची उरली होती. त्यानं होडी खरवडली. कागदाला भोक पडायचं तेवढं राहिलं. मग त्यानं दार काढलं, उंबरठ्यावर निथळणारा माणूस काढला. वडिलांचा चेहरा त्याला आठवत नव्हता. तेव्हा आरशात बघून स्वतःचाच काढला आणि सुरकुत्या गाळल्या. वडील त्याच्यापेक्षा बरेच लहान होते.

रविवारी तो अंक घेऊन गावी, इल्यावूला, आईकडे गेला. इतक्या वर्षांत तिच्या अंगावरचा दुखवट्याचा काळा रंग उतरला नव्हता. त्यानं अंक तिच्यासमोर ठेवला आणि मान खाली घालून बसला.

म्हातारीचं बोट चौकटीचौकटीवरून सरकत गेलं. धुक्यात रेंगाळलं. शेवटच्या चौकटीवर थांबलं. चुलीवरचं भांडं उतू जाऊन विस्तवावर चर्र झालं, तरी तिनं मागं पाहिलं नाही.

"आई, मी तसं काढलं नव्हतं. त्यांनी मला..."

"गप रे."

तिनं बोट झग्याला पुसलं आणि पुन्हा त्या माणसावर ठेवलं.

"पुढच्या अंकात याला कोरडा सदरा घाल," ती म्हणाली. "केव्हाचा भिजलाय."