मागच्या बाकावरून न दिसलेला फळा

मी एक जुना फळा आहे, पेणकडच्या जोहे गावाजवळच्या एका वाडीतल्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या भिंतीवर टांगलेला. रोह्याच्या एका सुताराने मला सागवानातून घडवले. पूर्वी मुले दर शनिवारी कोळसा आणि भोपळ्याचा पाला घासून मला काळे करत. मित्रांनो, तेव्हा मी दिसायला काही देखणा नव्हतो, पण अक्षर माझ्यावर ठसठशीत उमटे.

पुढे पाला घासणे बंद झाले. मी पांढुरका पडलो, छपराची कौले फुटली, तरी कोणी ढुंकून पाहीना. शेवटी गेल्या वर्षी आमच्या वर्गाच्या शिक्षिका प्रणिताबाईंनी पालकांची सभा बोलावली आणि वाडी कामाला लागली. आमची वाडी गणपतीच्या कारखान्यांची. गणपती रवाना झाले की हात मोकळे. दिवाळीच्या सुट्टीत कोणी कौले बदलली, कोणी भिंती रंगवल्या. मूर्तिकाम करणाऱ्या हर्षदने मला हातात घेतले आणि मूर्तीला करतात तसेच माझे केले. स्प्रेने काळा रंग, वर चकाकीचा हात.

"कसा आरशासारखा झालाय बघा," तो म्हणाला. सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुगलो, खोटे कशाला बोलू?

शाळा उघडली आणि माझी फजिती झाली. खडू माझ्यावरून घसरू लागला. खिडकीतले ऊन पडले की मागच्या मुलांना नुसती तिरीप दिसे. प्रणिताबाई दाबून दाबून लिहीत. लोकांनी एवढ्या मायेने केलेल्या कामाला नावे कशी ठेवायची, म्हणून त्या गप्प राहिल्या. मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

उंच म्हणून मनस्वी सर्वांत मागे बसे. उतरवून घेताना तिचे शब्द गळत, गणिते चुकत. उन्हाळ्याच्या तोंडावर तिची आई सरू शाळेत आली. ती कारखान्यात मूर्ती घासते.

"बाई, पोरीचा दाखला द्या. हितं तिला कायच येत नाय. पेणच्या शाळेत घालणार हाय."

मनस्वीला जायचे नव्हते. ती मान खाली घालून बसली. मला फार वाईट वाटले, कारण दोष तिचा नव्हता, माझ्या चकाकीचा होता.

तास चालू होता, म्हणून बाईंनी सरूला थोडे थांबायला सांगितले. सरू लेकीशेजारी बाकावर टेकली. तिने समोर बघितले, डोळे बारीक केले, मान इकडे तिकडे केली.

"मनस्वी गो, हिकरून तर नुसती खिडकीच दिसते. सांगितलं का नाय?"

"हर्षदमामाने रंगवलाय ना," मनस्वी पुटपुटली.

"मीपण त्याच भिडेने बोलले नाही," प्रणिताबाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सरू पॉलिश पेपर घेऊन आली. पाठोपाठ कारखान्यातल्या बाया आल्या, हर्षदही आला. पहिला हात त्यानेच मारला.

"मूर्ती लोकांनी बघायची, फळा पोरांनी वाचायचा. माझ्या ध्यानातच नाय आलं."

माझी चकाकी उतरली. वर साधा काळा रंग बसला. तो वाळल्यावर सरू मागच्या बाकावर जाऊन बसली.

"लिही गो कायतरी."

मनस्वीने आईचे नाव लिहिले.

"दिसतंय," सरू म्हणाली. दाखल्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

आता दर शनिवारी कोणी ना कोणी पालक त्या मागच्या बाकावर येऊन बसतो. मित्रांनो, तुमच्या घरच्यांना माझा एवढा निरोप सांगा. शाळेला रंग जरूर द्या, पण नंतर एकदा आत येऊन शेवटच्या बाकावर बसा आणि समोर बघा. दिसले नाही, तर भीड न धरता सांगा. फळा रागावत नाही.