लोर्नाच्या हातातला भोंगा

मी भोंगा बोलतोय. बटण दाबलं की मैदानाच्या पार टोकापर्यंत ऐकू जाणारा, बॅटरीवरचा हातभोंगा. आता बॅटरी नाही, तेव्हा जरा कान देऊन ऐका.

शिकागोजवळच्या एका कारखान्यात मी जन्मलो आणि विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा कॉलेजात आलो. काम सोपं होतं. शनिवारी फुटबॉलच्या सामन्यात आपल्या पोरांच्या नावाने ओरडायचं. हरले तरी ओरडायचं. मला वाटलं, जन्म असाच मजेत जाणार.

मग पोरं मैदान सोडून रेडिओभोवती बसू लागली. व्हिएतनामच्या युद्धावर कोणाला पाठवायचं याची सोडत निघाली, तीही जन्मतारखांची. त्यानंतर वसतिगृहात कोणी कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या नाहीत.

रसेल टॉमचेकची तारीख अगदी वर आली. त्याचा थोरला भाऊ त्याआधीच तिथून शवपेटीतून परत आला होता. रसेलनेच मला खेळाच्या सामानातून उचललं. सत्तर सालच्या मे महिन्यात आपलं सैन्य कंबोडियात घुसल्याची बातमी आली आणि रसेलने संप करून कॉलेज बंद पाडलं. माझ्यातून तो इतका बोलला, इतका बोलला, की त्याचा घसाच बसला.

मग मी लोर्ना पेट्रायटिसच्या हाती आलो. बापाचा गाईंचा गोठा, मुलगी इतिहास शिकायला आलेली. रसेल तिच्या कानात पुटपुटायचा आणि ती माझ्यातून सांगायची.

ओहायोतल्या एका विद्यापीठात सैनिकांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्याची बातमी आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या हिरवळीवरही सैनिक उभे राहिले. बंदुकांना संगिनी लावलेल्या. चेहरे मात्र आमच्याच पोरांसारखे, कोवळे आणि भेदरलेले.

"पांगा! शेवटचं सांगतोय!" त्यांचा अधिकारी स्वतःच्या भोंग्यातून ओरडला.

आमच्या मागच्या गर्दीतून एक दगड गेला. समोरच्या बंदुका खांद्याला लागल्या.

"म्हण, पुढे चला," रसेल घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"अरे, बंदुका भरलेल्या आहेत त्यांच्या!"

"माझ्या भावावर झाडलेली काय रिकामी होती? म्हण!"

लोर्नाने मला तोंडाशी धरलं. बटण दाबलं गेलं.

"खाली बसा! सगळे जण, आहात तिथेच खाली बसा!"

आधी पुढची रांग बसली, मग तिच्यामागची, मग सगळीच. एकटा रसेल उभा राहिला. शेजारच्याने त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. हळूहळू बंदुका खाली आल्या. सैनिकांनी पुष्कळांना उचलून गाड्यांत भरलं, पण मेलं कोणीच नाही.

सुटून आल्यावर रसेल तिच्यासमोर उभा राहिला. "माझा आवाज दिला होता तुला. विकलास?"

"तुझा नव्हता तो," ती म्हणाली. "माझा होता."

त्यानंतर बरीच वर्षं तो तिच्याशी बोलला नाही. थोड्याच दिवसांत सैन्यभरती चुकवायला तो कॅनडात पळून गेला. चिथावणी दिल्याचा ठपका ठेवून कॉलेजने लोर्नाला काढून टाकलं. मित्र गद्दार म्हणत होतेच.

तिचा बाप ट्रक घेऊन न्यायला आला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे चालतं का?"

"चालतं."

"मग घे बरोबर. गाईंना हाक मारायला होईल."

आणि खरंच, पुढे कित्येक वर्षं मी गाईंना हाका मारल्या.

पळून गेलेल्यांना सरकारने माफी दिल्यावर रसेल गोठ्यावर आला. केस विरळ झाले होते. लोर्नाने कॉफी दिली.

"अजून वाटतं मला," तो म्हणाला, "त्या दिवशी पुढे गेलो असतो, तर युद्ध लवकर संपलं असतं."

"असेलही. किंवा तू आज इथे बसला नसतास."

"कळायला काही मार्ग नाही."

"नाही ना," लोर्ना म्हणाली. "मलाही तेच छळतं."



आता लोर्ना म्हातारी झाली आहे. मी गोठ्यातल्या खिळ्याला लटकलोय. गळलेल्या बॅटरीच्या पाण्याने माझं पोट खाल्लं, पण जीव अजून स्वस्थ नाही. गोठ्यातल्या रेडिओवर देशातली माणसं पुन्हा एकमेकांवर ओरडताना ऐकतो, आणि वाटतं, कोणीतरी येईल, मला पुसेल, नव्या बॅटऱ्या घालेल. जरूर या. मात्र बटणावर बोट ठेवताना त्या दिवशी लोर्नाचा हात थरथरत होता, हे फक्त मलाच ठाऊक आहे. ज्याचा हात थरथरत नाही, त्याच्या हाती मला देऊ नका.