तेव्हा तुम्ही कुठे होतात?

मथुराने मुशी माशाच्या मानेवर कोयता घातला, तो एका घावात आरपार गेला नाही. दुसरा घातला, तिसरा घातला. रक्त पाटावरून उडून तिच्या हातावर आलं, तेव्हा कुठे मुंडकं सुटं झालं.

"मेली मेल्यावरसुद्धा चिवट," ती पुटपुटली.

पडवीत तिच्या समोर बसलेल्या नणंदेने, यमुनाबाईने, ते मुंडकं उचलून बादलीत टाकलं. यमुनाबाई बोलायचीच कमी. तिचा जबडा डावीकडे सरकलेला होता आणि शब्द तोंडातून वेडेवाकडे यायचे. ऐकणारे 'काय? काय?' करायला लागले की ती वैतागायची आणि मग दोन दोन दिवस तोंड उघडायची नाही.

ओटीवर पाहुणे बसले होते. जावई सर्वेश आणि त्याचा चुलता काशीराम सकाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून अंजनवेलहून दाभोळला आले होते, वेदिकाला न्यायला. पाच दिवसांपूर्वी वेदिका माहेरी आली ती उजव्या मनगटाला प्लास्टर घालून. सर्वेशने वरवंट्याने हाणलं होतं. फोनवर कोणाशी बोलत होतीस, एवढंच कारण. बोलत होती ती आईशी. मथुराने तर तो पहिला घाव फोनवरून ऐकलाच होता. त्यानंतर फोन जमिनीवर पडला आणि पोरीचं ओरडणं लांबून येत राहिलं.

आणि तरी मथुराचा नवरा सखाराम म्हणाला होता, "पाच दिवस राहिली, पुरे झालं. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. आज माणसं येतायत, त्यांच्याबरोबर जाऊ दे तिला."

मथुरा तेव्हा काही बोलली नव्हती. पाचही दिवस ती काही बोलली नव्हती, आणि त्याचा संताप आता मुशीवर निघत होता. आतल्या खोलीत वेदिका एका हाताने बॅग भरत होती. चेन लागत नव्हती. तीच ती खरखर मघापासून ऐकू येत होती.

ओटीवर टीव्ही चालू होता. पडद्यावर जळणारं हॉटेल दिसलं, मग मेणबत्त्या, मग हारातले फोटो.

"आज सव्वीस नोव्हेंबर नाय काय!" काशीराम म्हणाला. "सतरा वर्षं झाली बघा. मी तेव्हा भाऊच्या धक्क्यावर होतो, मासळी उतरवत. अर्धी मासळी बोटीतच कुजली. पोलीस कोणाला हलू देईनात."

"मी नववीत होतो," सर्वेश म्हणाला. "शाळेला सुट्टी दिली. आम्ही पोरं खूश!"

तो हसला. मथुराने पाटावरचा तुकडा नको तितका बारीक केला.

आता सखारामची पाळी. दरवर्षी ह्या दिवशी कोणी ना कोणी ओटीवर असायचंच आणि सखारामची गोष्ट व्हायचीच. आयुष्यभर तांडेल म्हणून बोट चालवलेला माणूस, भरसमुद्रात बोलून बोलून आवाज मोठा झालेला. त्याने मांडी बदलली.

"तुमचं ते पहिल्या रात्रीचं. आमची खरी ती दुसरी रात्र. टीव्हीवर सांगितलं, ते समुद्रातनं आले, मच्छीमाराची बोट पळवून. म्हणजे आपल्याच वाटेनं की! वाडीत बोंब झाली. आणखी एक बोट आहे, खाडीत शिरली आहे, कोण काय नि कोण काय. सगळ्यांनी दिवे मालवले, दारांना आतनं पाटे-वरवंटे लावले. आठ वाजले असतील नसतील. आणि थाप पडली. ह्याच दारावर!"

"काय सांगता!" सर्वेश म्हणाला.

"हाक नाय, नाव नाय. नुसतं धपाधप धपाधप. आणि गुरासारखा घोगरा आवाज. आपली भाषाच नव्हे ती. मी म्हटलं, आला! कोयता घेतला आणि दाराआड उभा राहिलो. म्हटलं, तू पाय तर टाक आत, मुंडकंच उतरवतो. असा अर्धा तास उभा होतो मी."

गेल्या वर्षी तो पाव तास होता.

"सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर हे एवढं रक्त. गोळी लागलेला असणार. पोलिसांना सांगितलं, पण त्यांना कुठली फुरसत! त्यांचं सगळं लक्ष मुंबईकडे. पण माझी बायकापोरं वाचली ना? बस झालं."

"मामा, तुम्ही भारीच!" जावई म्हणाला.

काशीराम रीतीभातीचा माणूस. बाईमाणूस समोर असताना आपणच बोलत बसणं त्याला बरं वाटलं नसावं. त्याने पडवीकडे मान वळवली.

"आणि आत्याबाय, तुम्ही हो? तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"ती?" सखारामनेच उत्तर दिलं. "ती त्या धावपळीत जेटीच्या पायऱ्यांवरनं पडली. तोंडावर. तेव्हाच तो जबडा मोडला. सगळ्या वाडीला ठाऊक आहे."

यमुनाबाईने हातातला तुकडा खाली ठेवला.

"बाहेर," ती म्हणाली.

"म्हणजे?" काशीरामने विचारलं.

"दाराबाहेर. ह्या."

तिने बोट दाखवलं. मासळीच्या रक्ताने माखलेलं ते बोट सरळ ओटीच्या दारावर रोखलेलं होतं.

"काय बोलतेस, यमुने?" सखाराम म्हणाला.

"रघूनं वल्हं मारलं. इथं." तिने गालाला हात लावला. एकेक शब्द ती सावकाश काढत होती, आणि आज एकाही माणसाने 'काय?' म्हटलं नाही. "दोनदा मारलं. खालचे दात जिभेत घुसले. तोंड मिटत नव्हतं. तुझं नाव कसं घेऊ? तरी घेत होते. दादा, दादा. तू म्हणालास, मुंडकं उतरवतो."

टीव्हीवर कोणीतरी बिगुल वाजवत होतं. रघू सखारामचा मेहुणा, यमुनाबाईचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी तो यकृत कुजून मेला, तेव्हा सखारामनेच पुढे होऊन खांदा दिला होता. त्याआधीची आठ वर्षं दोघे एका बोटीवर जात होते, एका ताटलीतली मासळी खात होते.

मथुरा खाली बघत बसली. कारण ती त्या रात्री दारापासून चार पावलांवर, कॉटखाली पोरीला पोटाशी धरून पडली होती. आणि तिने आवाज ओळखला होता. पहिल्याच हाकेला नव्हे, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी नक्कीच. घोगरा असला, तुटका असला तरी बाईचा आवाज तो. सात वर्षांच्या वेदिकाने तर लगेचच ओळखला. ती बोलायला लागली तशी मथुराने तिचं तोंड दाबलं. का दाबलं? घाबरली होती, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. दार उघडलं असतं तर मागून रघू आला असता, पिऊन तर्र झालेला. रक्तपात झाला असता, आणि नणंद कायमची घरात बसली असती. तेवढ्या काळोखात, तेवढ्या भीतीतसुद्धा तिने हा हिशेब केला होता. आणि दुसऱ्या दिवशी सगळी वाडी 'यमुना पडली' म्हणाली, तशी तीही म्हणाली.

काशीरामने घसा खाकरला.

"असो. गेलेल्या माणसाबद्दल आता बोलून काय व्हायचंय! जेवण राहू दे, तांडेल. आम्ही आपले निघतो दुपारच्या फेरीनं. सर्वेश, हाक मार बघू तिला."

"वेदिका! झालं का नाय? चल!"

वेदिका माजघराच्या दारात आली. बॅगेची चेन अर्धीच लागली होती. ती आत्याकडे बघत होती. पाऊल पुढे टाकेना.

"चल म्हटलं ना!" सर्वेश उठला आणि त्याने तिचा हात धरून ओढला. धरला तो नेमका प्लास्टरचा हात. पोर किंचाळली. गुडघ्यावर खाली बसली. तरी त्याने सोडला नाही. "नाटकं पुरे झाली तुझी. लोकांसमोर शोभा नको!"

मथुरा कधी उठली, ओटीची पायरी कधी चढली, हे तिचं तिलाही कळलं नाही. तिच्या डाव्या हाताने जावयाच्या शर्टाची गळपट्टी धरली. पांढऱ्या शर्टावर तिची पाचही बोटं लाल उठली.

"हात सोड."

"मामी, तुम्ही आमच्या मध्ये पडू नका."

उजव्या हातातला कोयता तिने खांबात घातला. सर्वेशच्या कानापासून वीतभर लांब. खांबाची ढलपी उडून टीव्हीवर आपटली.

"पुढचा घाव खांबात नाय जायचा," मथुरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सोड माझ्या पोरीचा हात, मेल्या. सोड!"

त्याने सोडला. तो मागे सरला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. काशीराम त्या दोघांच्या मध्ये उभं राहावं की राहू नये, अशा बेतात अर्धवट उठलेला होता.

"मामा, सांगा काहीतरी मामीला," सर्वेश म्हणाला. "वेड लागलंय का? उद्या चार माणसांत हे गेलं तर तुमचीच लाज जाईल!"

सखाराम त्याच्याकडे बघतच नव्हता. तो पडवीत बसलेल्या बहिणीच्या तोंडाकडे बघत होता. त्या सरकलेल्या जबड्याकडे तो रोज बघत आला होता. आत्ता बघताना मात्र त्याची हनुवटी लटलटायला लागली.

"फेरीची वेळ झाली," तो म्हणाला. "निघा तुम्ही."

"आणि ही?"

"निघा म्हणतो ना!" समुद्रातला तो आवाज एकदाचा बाहेर पडला. "तुझा हात मीच मोडायला हवा होता, पाच दिवसांपूर्वी! चालते व्हा!"

ते गेले. काशीराम चपला हातात घेऊनच उतरला. अंगणाच्या दगडी गडग्यापाशी पोचल्यावर सर्वेशला तोंड फुटलं. पोलीस, वकील, फारकत, काय काय बोलत होता. शेजारची माणसं दारात येऊन बघायला लागली. बघू देत, मथुराला वाटलं. आज दारं उघडी आहेत सगळ्यांची.

वेदिकाला तिने आत नेऊन निजवलं. प्लास्टरला तडा गेला होता. पोर रडत नव्हती, नुसती दातावर दात आपटत होती. सखारामने टीव्ही बंद केला आणि स्कूटर काढायला गेला, डॉक्टरकडे न्यायचं म्हणून. चावी हातात असून तो सगळीकडे चावी शोधत होता.

मथुरा पडवीत परत आली. यमुनाबाईने उरलेली मुशी कापून संपवली होती. टोपात तुकडे मीठ-हळद लावून ठेवले होते आणि आता ती पाट धूत होती. मथुरा तिच्या शेजारी उकिडवी बसली. तांब्याने पाणी घालू लागली.

"वन्सं," ती म्हणाली, "मी ओळखलं होतं. त्या रात्री."

"ठाऊक आहे."

मथुराचा तांब्या थांबला.

"पोर आतनं 'आत्या' म्हणाली," यमुनाबाई म्हणाली. "अर्धंच. मग कोणीतरी तोंड दाबलं. दाराला कान लावून होते मी. ऐकू आलं."

"आणि तरी तुम्ही... रोज येता. माझ्या पोरांचं केलंत. माझ्या धाकट्याच्या बाळंतपणात तीन महिने राबलात. सतरा वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत?"

"विचारलं कोणी?"

त्यात टोमणा नव्हता. यमुनाबाईने पाट उलटा केला आणि दुसरी बाजू घासायला घेतली. दरवर्षी ओटीवर सगळे आपापलं सांगायचे. मी इथे होतो, मी तिथे होतो, मला कसं कळलं, मी काय केलं. ही पडवीत बसून मासळी साफ करत ऐकायची. मथुराने आठवून बघितलं. खरंच, आज त्या परक्या माणसाने विचारलं तेवढंच.

ओटीच्या पलीकडे स्कूटर दोनदा घरघरून बंद पडली. मथुराला रडू फुटत होतं, पण आधी रडून मोकळं व्हायचा हक्क आपला नाही, असं वाटून तिने ते गिळलं. तिने नणंदेचा ओला हात धरला. घासणं थांबवलं.

"वन्सं, आमच्या दारावरनं तुम्ही मग कुठे गेलात?"

यमुनाबाईने तिच्याकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही, अशा नजरेने पाहिलं.

"घरी," ती म्हणाली. "आणखी कुठे जाणार?"