किलवरचा गुलाम

नवी जादू हाती आली की गुलाम हुसेन ती आधी आरशासमोर घोटायचा आणि मग रविवारी दुपारी रिक्षा धरून कशेळीला केसरीनाथच्या घरी जायचा. तरुणपणापासूनचा हा नेम. भिवंडीच्या कॉलेजात दोघं एका बाकावर बसायचे. जत्रेत जादूगाराचा तंबू लागला की दोघं रोज पुढच्या फळीवर. जादूगार कुठे फसवतो ते पकडल्याशिवाय उठायचं नाही, ही पैज. पुढे गुलाम हुसेनने वडिलांचे कापड विणायचे लूम सांभाळले, केसरीनाथने खाडीकाठची भातशेती. मग शेतात गोदामं उभी राहिली, लूमही दुसऱ्यांच्या हाती गेले. पत्ते मात्र सुटले नाहीत. शेलार गावातली हळद असो, खारबावच्या शाळेचं संमेलन असो की भिवंडीतल्या एखाद्या बाळाचा अकीका, बोलावलं की दोघं हजर. हात गुलाम हुसेनचे आणि डोळे केसरीनाथचे, असं लोक म्हणायचे.

ते खरंच होतं. केसरीनाथ मांडी घालून बसायचा, शेवटपर्यंत हूं की चूं करायचा नाही आणि जादू संपली की विचारायचा, "हिचा बाप कोन?" त्याच्या मते कुठलीच जादू आभाळातून पडत नाही. प्रत्येकीला आईबाप असतात, आजे-पणजे असतात. मग तो एकेक उलगडत जायचा. ही अमकीवरून उचलली, इथे हात सुधारला, इथे बिघडवला. आणि "कुठलंही पान घे" असं म्हटलं की तो न चुकता किलवरचा गुलाम घ्यायचा. "माजा गुलाम ह्योच," असं म्हणून मित्राकडे बघत हसायचा. इतक्या वर्षांत त्या विनोदाला दोघंही कंटाळले नव्हते.

बायको कमळ गेली आणि केसरीनाथचं डोकं हळूहळू उसवायला लागलं. आधी नावं विसरला, मग वाटा. ठाण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि यातून मागे वळणं नाही हेही सांगितलं. मुलगा प्रितेश गोदामांचं बघायचा. सून मृणाली नोकरी सोडून घरी बसली आणि सासऱ्याच्या मागे मागे फिरू लागली. गुलाम हुसेन रविवारी जायचा, पण पत्ते नेत नव्हता. चहा प्यायचा, खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यात बसायचा आणि परतायचा.

त्या वर्षी एक नवी जादू निघाली. जादूगारांच्या ग्रुपवर आठवडाभर तिचीच चर्चा. ठाण्याच्या जादूगार मंडळाने गुलाम हुसेनला गळ घातली: चाचा, तुम्ही जुन्या सगळ्या केल्या आहेत, पुढच्या बैठकीत या नवीचं आणि जुन्यांचं काय नातं आहे ते सांगा. त्याने ती मागवली. काळी डबी, पत्त्यांचा जोड आणि फोनवर बघायचा व्हिडिओ. चार दिवसांत हात बसला. जादू सुरेख होती. बघणारा पान निवडतो, त्यावर स्वतःची सही करतो, घडी घातलेलं पान स्वतःच्याच मुठीत धरतो. मूठ उघडली की रिकामी. पान निघतं डबीत, आणि डबी पहिल्यापासून समोर ठेवलेली.

"केसरीला दाखवलं पाहिजे," तो जेवताना म्हणाला.

त्याच्या बायकोने, हबीबाने, भाकरी वाढता वाढता हात थांबवला. "त्यांना कशाला? त्या बिचाऱ्यांना जेवलो की नाही ते आठवत नाही."

"जुनं आठवतं त्याला. परवा कॉलेजातल्या शिपायाचं नाव सांगितलं त्याने."

"नका नेऊ हो," हबीबा म्हणाली. पण त्याने नेली. बैठकीसाठी केसरीनाथचं मत हवं, असं तो स्वतःला सांगत होता. आतून त्याला एवढंच बघायचं होतं की तो प्रश्न अजून येतो का.

त्या रविवारी केसरीनाथ ओटीवरच्या पलंगावर बसला होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट. मित्राला बघून चेहरा उजळला. मृणाली आत भात लावायला गेली तशी गुलाम हुसेनने डबी काढून स्टुलावर ठेवली आणि पत्ते पसरले. केसरीनाथचे डोळे बारीक झाले. अगदी पूर्वीसारखे.

"कुठलंही घे."

केसरीनाथचं बोट पत्त्यांवरून सरकलं आणि किलवरच्या गुलामावर थांबलं. "माजा गुलाम ह्योच," तो म्हणाला. गुलाम हुसेनने पेन पुढे केलं. केसरीनाथने जीभ दाताखाली धरून सावकाश सही केली.

"ही लिंबातून पान निगतं ती न्हाय," तो मध्येच म्हणाला.

"नाही."

"पाकिटातली बी न्हाय. त्यात पान तू धरायचास."

"बरोबर बोललास!" गुलाम हुसेन जवळजवळ ओरडलाच. त्याला वाटलं, डॉक्टरला काय कळतं? माणूस आत शाबूत आहे, दार तेवढं जड झालंय. त्याने पानाची घडी केली, मित्राच्या मुठीत दिली, वरून मूठ दाबली. "घट्ट धर. सोडू नको."

"न्हाय सोडनार."

"आता उघड."

केसरीनाथने मूठ उघडली. तळहात रिकामा होता. तो तळहाताकडे बघत राहिला. गुलाम हुसेन प्रश्नाची वाट बघत होता. प्रश्न आला नाही. केसरीनाथने हात उलटा केला, बाही झटकली, दुसरी मूठ उघडून पाहिली. मग पलंगावरची चादर ओढली, उशी फेकली, खाली वाकून पलंगाखाली चाचपायला लागला. त्याचा श्वास जोरात चालू झाला.

"आता तर होता. आता धरला होता मी. गुलाम कुठं हाय?"

"अरे, डबीत आहे, केसरी. हे बघ, डबी उघड ना."

त्याने डबी पुढे केली. केसरीनाथने ती हाताने उडवून लावली आणि तो रडायला लागला. पोरासारखा नव्हे. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, ज्याला आवाज कमी आणि कंप जास्त.

मृणाली धावत आली. तिने सासऱ्याला धरलं, पाठीवर हात फिरवत बसवलं. "सापडंल, बाबा. मी शोधते. तुम्ही बसा." तो निवायला बराच वेळ लागला. मग ती गुलाम हुसेनला अंगणात घेऊन आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"चाचा, तुमच्यासाठी हा खेळ आहे. इथे रोज हेच चालतं. चष्मा हातात असतो आणि मग नसतो. घास तोंडात असतो, मग कशाला चावतोय ते कळत नाही. सकाळी कमळ चहा देऊन गेली म्हणतात आणि दिवसभर तिला शोधतात. सगळं त्यांच्या हातातून जातं. आणि तुम्ही अजून एक घालवलंत."

त्याने उचलून आणलेली डबी पुढे केली. "डबी ठेवून जाऊ का? पान आहे आत."

"नको. पत्ते आता त्यांच्या डोळ्यांसमोरच नकोत."

तो डबी खिशात टाकून परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रितेशचा फोन आला. बाबा घरात नाहीत. पाण्याचा टँकर आला तेव्हा फाटक उघडं राहिलं होतं, मृणाली आत पाइप लावत होती. "तुमच्याकडे आलेत का, चाचा? लोक सांगतात, तुमचं नाव घेत होते."

गुलाम हुसेन तसाच निघाला. कशेळीच्या नाक्यावर कंटेनर एकाला एक चिकटून उभे होते, त्यांच्यामधून वाट काढत तो आणि प्रितेशची माणसं विचारत फिरली. केसरीनाथला बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. एका गोदामाच्या वॉचमनने सांगितलं, "बुढ़ा बाबा आया था. पूछ रहा था, मेरा गुलाम किधर है? हम बोले, कौन गुलाम? इधर तो कोई गुलाम नहीं." चहाच्या टपरीवाल्यालाही त्याने तेच विचारलं होतं. टपरीवाल्याला वाटलं, बाबा भिवंडीतल्या कुणा दोस्ताला शोधतोय, म्हणून त्याने हात करून भिवंडीचा रस्ता दाखवला. पण केसरीनाथ उलटा खाडीकडे वळला होता. तिकडे पूर्वी त्याचं शेत होतं.

दुपारच्या भरतीआधी मासे धरणाऱ्या दोघांना तो दिसला. बांधावरून घसरून खारफुटीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतला होता. शुद्ध होती, बोलत नव्हता. त्याला दोराने वर ओढून काढलं तेव्हा खुबा मोडल्याचं कळलं. त्याची उजवी मूठ आवळलेली होती. प्रितेशने ती बोटं एकेक करून सोडवली. आत चिखल होता.

हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. गुलाम हुसेनने तीन-चार दिवस स्वतःला आवरलं, मग राहवेना. डबीतलं पान काढून तो खाटेपाशी गेला. केसरीनाथचं तोंड उघडं होतं, ओठ सुकलेले. मृणाली चमच्याने पाणी घालत होती. तिने पान पाहिलं आणि बाजूला सरकली. नको म्हणाली नाही.

"केसरी, हे घे. तुझा गुलाम. सापडला."

केसरीनाथने पान डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ बघत राहिला.

"ही सही कोनाची?"

"तुझी. माझ्यासमोर केलीस."

"मी असा न्हाय लिवत." त्याने पान चादरीवर ठेवून दिलं. परक्याच्या घरात वस्तू ठेवतात तसं, जपून. मग मान वळवून दाराकडे बघत म्हणाला, "गुलाम आला न्हाय अजून?"

"मी इथेच आहे रे. गुलाम हुसेन."

केसरीनाथने त्याला नीट न्याहाळलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. "तू न्हाय," तो म्हणाला.

बाहेर पॅसेजमध्ये प्रितेश उभा होता. त्याच्या हातात औषधांची पिशवी होती आणि डोळे जागरणाने लाल झाले होते. "चाचा, तुम्हाला वाईट बोलायची माझी जीभ नाही," तो म्हणाला. "लहानपणी तुमच्या मांडीवर बसलोय. पण आता येऊ नका."

"बरं," गुलाम हुसेन म्हणाला. आणि पुन्हा गेला नाही. रविवारच्या दुपारी तो घरातच खुर्चीवर बसून राहायचा. हबीबा कधी "मी सांगितलं होतं" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

पडून पडून छातीत कफ झाला आणि महिन्याच्या आत केसरीनाथ गेला. गावच्या स्मशानात गुलाम हुसेन मागे, कुंपणापाशी उभा राहिला. अग्नी दिल्यावर प्रितेश ओल्या कपड्यांनी त्याच्याजवळ आला, शेजारी उभा राहिला. दोघंही ज्वाळांकडे बघत होते. मग कुणीतरी हाक मारली आणि प्रितेश गेला.

ठाण्याच्या मंडळाची बैठक पुढे ढकलली होती, ती अखेर झाली. गुलाम हुसेनला जायचं नव्हतं, पण शब्द दिला होता. शाळेच्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं होती, बरीचशी तरुण. त्याने उभं राहून कागदाशिवाय सांगितलं. लिंबाची जादू सगळ्यांत जुनी. तीत जादूगार पान जाळतो आणि ते कापलेल्या लिंबात निघतं. बघणाऱ्याला माहीत असतं की काय लबाडी झाली ती जादूगाराच्या हातात. पाकिटाच्या जादूत पान जाळत नाहीत, त्यामुळे ती जास्त स्वच्छ, पण पाकिटाला हात लावावा लागतो आणि चाणाक्ष माणूस तिथेच पकडतो. तिसरी त्याच्या मित्राने बसवलेली. तीत पान लूमच्या धोट्यात, म्हणजे सूत नेणाऱ्या पोकळ लाकडात, निघायचं आणि हळदीत तो धोटा आधीपासून नवरदेवाच्या मामाच्या हातात असायचा. म्हणजे सापडण्याची जागा बघणाऱ्याकडे गेली. हरवण्याची जागा मात्र जादूगाराकडेच राहिली.

"या नवीने तीही बघणाऱ्याला दिली," तो म्हणाला. "पान त्याच्याच मुठीतून जातं. आपल्यावर संशय घ्यायला त्याला जागाच उरत नाही. कारागिरी म्हणून विचाराल तर आधीच्या तिन्हींपेक्षा ही सरस आहे. माझ्या मित्राने बघितली असती तर हेच म्हणाला असता." तो थांबला. "त्याने बघितली होती. तो हेच म्हणणार होता, असं मला वाटतं. पण लिंबाच्या जादूत माणूस आपल्याला लबाड म्हणतो आणि हसतो. हिच्यात तो स्वतःच्या हाताकडे बघतो."

 मग एकाने विचारलं, "चाचा, करून दाखवा ना." त्याने डबी त्या मुलाच्याच हातात दिली. "तू कर. हात सोपा आहे." मुलाने ती केली, छान केली, टाळ्या पडल्या. त्या गडबडीत गुलाम हुसेन बाहेर पडला.

रिक्षा कशेळीच्या नाक्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकली. रविवारची दुपार होती. तो उतरला आणि चालत त्या घरापर्यंत गेला. प्रितेश गोदामावर होता. मृणालीने त्याला ओटीवर बसवलं, चहा आणला. पलंग काढून टाकला होता, फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग राहिले होते. ती समोर पायरीवर बसली.

"चाचा, एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी बाबा बाहेर पडले, ते पान शोधत होते की तुम्हाला?"

गुलाम हुसेनने हाच प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारला होता की त्याला धार उरली नव्हती. खरं उत्तर त्याला माहीत नव्हतं आणि आता कुणालाच कळणार नव्हतं. मित्राला शोधायला निघाला होता असं म्हणालं तर दोष उघड्या राहिलेल्या फाटकाचाच उरत होता, आणि त्या फाटकाची राखण या मुलीकडे होती.

"पान," तो म्हणाला. "पानच शोधत होता, बेटा. मी हरवलेलं."

मृणालीने पदराने डोळे टिपले आणि मान हलवली. आत कुकरची शिटी झाली तशी ती उठून गेली. गुलाम हुसेनने निवलेला चहा संपवला, कप पायरीवर ठेवला आणि तो नाक्याकडे चालू लागला.