उंबरठ्यापर्यंतचा श्वास

लुआनच्या डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सहा मिलिमीटर. टॉर्च मारला, काढला, पुन्हा मारला. फरक नाही. थोआ नावाच्या पेशंटच्या कागदावरही मी हाच आकडा लिहिला होता.

चार दिवसांपूर्वी चटईवर झोपेत लुआनला मण्यार चावली. प्रतिविष दिलं, पण तोवर विष नसांच्या टोकांशी पोचलं होतं. एकही स्नायू हलत नव्हता. श्वास यंत्राचा होता. आत तो जागा असणार, हे मी त्याच्या आईला, साऊमावशीला, रोज सांगत होते.

"जागा आहे, तर आईला ओ का देत नाही?" साऊमावशी म्हणाली. "जन्मभर शेतात राबला. आता झोपलाय, तर तुमचं यंत्र झोपू देईना."

"आठवडा द्या, मावशी. विष हळूहळू उतरेल."

"आणि इथेच गेला तर? तुमच्या व्हरांड्यात भटकत बसेल. घरची वाट कोण दाखवणार त्याला, तुम्ही?"

तिचा भाऊ खाली घाटावर होडी घेऊन थांबला होता. यंत्र काढून घरापर्यंत श्वासाचा फुगा हाताने दाबत न्यायचं, उंबरठा ओलांडला की दाबणं थांबवायचं. इथे सगळे असंच नेतात. फक्त माझी सही हवी होती.

थोआलाही तसंच नेलं, दोन वर्षांपूर्वी. मी घाटावर उभी होते. होडी सुटताना चादरीबाहेर आलेला तिचा अंगठा वाकला आणि सरळ झाला. लाटेने असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पाणी त्या दिवशी स्थिर होतं. तेव्हापासून कोणाचीही चादर सारखी करताना मी आधी पाय झाकते.

आज मी लुआनचे पाय उघडे केले. पंखा बंद केला.

"लुआन, अंगठा हलव."

साऊमावशीही वाकून बघत होती. मी घड्याळ लावून दोन मिनिटं थांबले. काही हललं नाही.

"बघितलंत?" तिने कागद पुढे केला. "करा सही, पोरी. ओहोटी लागेल आता."

दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. फक्त सांगण्यासारखं होतं, आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी पेन खिशात ठेवलं.

"मी सही करणार नाही, मावशी. अशीच एक बाई मी घरी पाठवली होती. ती जिवंत होती."